चाळीस मिनिटांची व्यवस्था

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी घरात कुणीतरी ओरडले. ‘कुणीतरी’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहितो आहे, कारण त्या क्षणी मला तसेच वाटले. आवाज बारीक, तुटक, दर दोन सेकंदांनी एक असा होता. मी पानावरून उठलो तो खुर्ची कलंडली. ती उचलण्याचेही भान राहिले नाही.

आवाज मधल्या खोलीतून, संगणकाच्या टेबलाखालून येत होता. गुडघे टेकून पाहिले. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे दोन विटांएवढी एक काळी पेटी आहे आणि तिच्यावर तांबडा दिवा लुकलुकतो आहे. अशी पेटी माझ्या घरात आहे हे मला आजवर ठाऊक नव्हते. वजने आणि मापे तपासण्याच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे लिहिताना संकोच वाटतो. पण नोंद ही नोंद असते.

पाच मिनिटांनी फ्रिज पुन्हा घरघरू लागला आणि पेटी गप्प झाली. म्हणजे वीज गेली होती व आली, इतकेच. संगणक मात्र चालूच राहिला. वीज गेली तरी आपला संगणक बंद पडत नाही, तो चांगल्या प्रतीचा असावा, अशी माझी आजवर समजूत होती.

तो चालू राहणे आवश्यक आहे. कारण स्पष्ट लिहून ठेवतो. १९ ऑगस्टला पत्नीला रुग्णालयात नेताना ती दारातून वळून म्हणाली होती, “अहो, कॉम्प्युटर बंद करू नका हं. अर्धं राहिलंय माझं. आल्यावर पुरं करते.” ती परत आली नाही. २८ ऑगस्टला दुपारी ती गेली. डॉक्टर काही सांगत होते आणि मी त्यांच्या मनगटावरचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे हे पाहत होतो.

आज अठ्ठेचाळिसावा दिवस. संगणकाचा पडदा काळा आहे. माउस हलविला की तो पासवर्ड मागतो. पासवर्ड मला ठाऊक नाही. मुलीला असू शकेल. पण तिला विचारणे म्हणजे मला ठाऊक नाही हे कबूल करणे. आत काय अर्धे राहिले आहे याचीही मला कल्पना नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की लिहिलेले साठवून ठेवण्याच्या बाबतीत ही अत्यंत ढिली होती. मुलगी यावरून तिला नेहमी टोकायची. वीज गेली तर ते अर्धेही जाईल.

६ ऑक्टोबर, सोमवार

फाटकावर वीज कार्यालयाची सूचना चिकटविलेली आहे. १६ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी दहा ते दुपारी दोन, तारा बदलण्याच्या कामासाठी वीज बंद. मी ती तीनदा वाचली. चार तास.

पेटीचे चित्र कागदावर काढून कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सारी गल्ली ‘मामा’ म्हणते. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे हे संबोधन माझ्या तोंडून निघत नाही. मी त्यांना कशानेच हाक मारत नाही.

चित्र पाहून ते म्हणाले, “साहेब, चित्र कशाला काढलंत? हा माझ्याच दुकानातला यूपीएस आहे. वहिनी घेऊन गेल्या होत्या.”

“केव्हा?”

“झाली की सहा वर्षं. मधे दोनदा बॅटरी बदलली. स्वतः उचलून आणायच्या पिशवीतून. मी म्हणायचो, वहिनी, फोन करा, मी येतो. तर म्हणायच्या, नको, ते घरी असतात.”

मी घरी असणे ही अडचण का असावी, हे मी विचारले नाही. दुकानात एक गिऱ्हाईक होते.

“यंदा बॅटरी बदलायची वेळ होतीच,” मामा म्हणाले. “वहिनींनी त्याचा आवाज बंद करून घेतला होता. तरी ओरडतोय म्हणजे थकलाय तो. आता दहा मिनिटंसुद्धा काढायचा नाही. आजवर निभावलं ते तुमचं नशीब.”

मी म्हणालो, मला नवीन यूपीएस हवा आहे, पण योग्य माप काढल्याशिवाय मी घेणार नाही.

“घ्या की मापून,” ते म्हणाले. “तो पळून चाललाय थोडाच.”

सहा वर्षे. दोन बॅटऱ्या. एकेकीचे वजन अडीच किलो असते, हे मी त्यांच्याकडून विचारून घेतले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जुन्या प्रयोगशाळेत जाऊन वीजमापक मागून आणला. माझ्या हाताखाली शिकून आता माझ्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी तो विनातक्रार दिला. त्यांनी पत्नीविषयी विचारले. मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, “सर, बसा ना जरा.” मी बसलो नाही.

मापक स्वतःच्या सेलवर चालतो व दर पाच मिनिटांनी किती वीज ओढली गेली ते लिहून ठेवतो. तो भिंतीतला प्लग आणि काळी पेटी यांच्यामध्ये कसा घालावा, हा प्रश्न होता. प्लग काढल्यास पेटी आपल्या बळावर किती वेळ तग धरेल, याची खात्री नाही. अखेर प्लग न काढता तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा मापकाचा भाग वापरला. त्यासाठी तारेचे वरचे वेष्टण चार बोटे सोलावे लागले. वाहत्या विजेवर हे काम करताना तळहाताला घाम आला होता. एक शिंक आली असती तरी तिचे अर्धे राहिलेले काम गेले असते.

संगणकाचा भार बासष्ट वॅट. दिवसभर स्थिर.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते व दर मंगळवारी बोलते.

“बाबा, जेवलात का?”

“होय.”

“काय केलं होतंत?”

“ते महत्त्वाचे नाही. मी सध्या एका तांत्रिक कामात आहे.”

“म्हणजे टोस्ट,” ती म्हणाली.

पावणेअकराला नेहमीप्रमाणे उपकरण लावून झोपतो. (झोपेत श्वास सुरळीत चालावा म्हणून नाकावर लावण्याचे हे उपकरण डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी दिले. त्याचा आजारपणाशी संबंध नाही. मुलीलाही ते सांगितलेले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही नाही.)

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मापकातील नोंदी काढल्या आणि खुर्चीत बसून राहिलो.

दिवसभर बासष्ट वॅट. रात्री पावणेअकरापासून शंभर. सकाळी सहा वाजता पुन्हा बासष्ट.

म्हणजे काल रात्रभर कुणीतरी संगणकावर काम करीत होते.

मी आधी मापकावर संशय घेतला. शून्य तपासले, शंभर वॅटचा दिवा लावून पाहिला. मापक अचूक आहे. मग दारे-खिडक्या तपासल्या. मग टेबलासमोरच्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला. ती थंड होती. ती गरम असेल असे मला का वाटले, हे मी येथे लिहिणार नाही. मी विज्ञानाचा पदवीधर आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा तेच. पावणेअकरा ते सहा, अडतीस वॅट जास्त. पहाटे तीनच्या सुमारास पाच मिनिटे शून्य. वीज गेली असावी, मला जाग आली नाही. संगणक टिकला.

रात्रीचीच वेळ का? ही रात्री कधी लिहीत बसे का? मी आठवण्याचा प्रयत्न केला. पावणेअकरानंतर ही काय करीत असे, हे मला ठाऊक नाही. त्या वेळी मी झोपलेला असतो. एकतीस वर्षांच्या संसारातील जवळजवळ एक तृतीयांश काळ माझ्याकडे नोंदलेला नाही, असा याचा अर्थ होतो. गणित दोनदा तपासले.

११ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस खपून तक्ता तयार केला. रात्रीचा भार धरून शंभर वॅट, चार तास, त्यावर चतुर्थांश राखीव. एवढे काम दुकानातला कोणताही साधा यूपीएस करू शकत नाही. तो तक्ता घेऊन गेलो.

मामांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवे. मग म्हणाले, “साहेब, चार तास कॉम्प्युटर चालवून करायचंय काय? सिनेमा बघायचाय?”

“तो बंद होता कामा नये.”

“अहो, यूपीएस त्यासाठी नसतोच. तो दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात आपण लिहिलेलं सेव्ह करायचं आणि मशीन शिस्तीत बंद करायची. एकदम झटक्यात जाऊ नये, एवढंच त्याचं काम.”

आठवडाभर मी ज्या वस्तूची मापे काढीत होतो, तिचा उपयोगच मला ठाऊक नव्हता. झटक्यात जाऊ नये म्हणून असते. बंद व्हायचे ते होतेच.

“मोठा इन्व्हर्टर घ्या हवं तर, बॅटरीसकट. तो देईल चार-सहा तास,” मामा म्हणाले. “दोन्हीसाठी घ्यायचाय ना?”

“अर्थात. संगणक आणि त्याचा पडदा.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले व कान खाजविला. मग म्हणाले, “पण कुठलाही घ्या, तो जोडायला कॉम्प्युटर एकदा बंद करावाच लागणार. जुन्यातला प्लग काढल्याशिवाय नव्यात कसा घालणार? चालत्या गाडीचं चाक बदलता येतंय होय?”

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. इतकी साधी गोष्ट. प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊ उमेदवाराने ही चूक केली असती, तर मी त्याला दिवसभर उभे केले असते. प्लग काढल्याशिवाय प्लग घालता येत नाही, हे सोडून बाकी सारे मी दशांश चिन्हापर्यंत मोजले होते.

मामांनी पाणी दिले. “उद्या येतो घरी,” ते म्हणाले. “बघू काय करता येतं.”

१२ ऑक्टोबर, रविवार

मामा सकाळी आले. चपला बाहेर काढून, विजेरी घेऊन टेबलाखाली शिरले. मी शेजारी गुडघे टेकून बसलो.

“ही बघा, ही तार कॉम्प्युटरची,” आतून आवाज आला. “ही पडद्याची. आणि ही आतल्या खोलीतली.”

“आतल्या खोलीतली म्हणजे?”

“म्हणजे तुमचीच की.”

पेटीतून तिसरी तार निघते. ती पुस्तकांच्या कपाटामागून जाते, भिंतीच्या तळाशी पाडलेल्या भोकातून पलीकडे निघते आणि माझ्या पलंगामागे येते. पलंगामागच्या ज्या प्लगला माझे उपकरण सहा वर्षे जोडलेले आहे, तो भिंतीतला प्लग नाही. तो त्या तारेचे टोक आहे. भिंतीवर स्क्रूने घट्ट बसविलेले, शेजारच्या प्लगसारखेच, त्याच रंगाचे.

मामा उठून गुडघे झाडू लागले. माझा चेहरा पाहून थांबले.

“साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही.”

“भोक मीच पाडलं होतं. तुम्ही कामावर होतात. वहिनी म्हणाल्या, रात्री लाइट गेली की यांचं मशीन बंद पडतं, काहीतरी करा, पण दिसता कामा नये. म्हटलं, सरप्राइज असेल.” त्यांनी विजेरी बंद केली. “कॉम्प्युटर तर वर्षानंतर आला. आधी हा यूपीएस तुमच्याच मशीनला होता.”

अडतीस वॅट. पावणेअकरा ते सहा. तो मी होतो.

मी मामांना चहा विचारायला विसरलो. ते आपणहून म्हणाले, “येतो मी,” आणि दार हळू ओढून गेले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री उपकरण लावले नाही. खुर्चीत बसून होतो.

उपकरण आणले त्या दिवसाचे संभाषण आठवले, ते जसेच्या तसे लिहितो. ही म्हणाली होती, “वीज गेली तर?” मी म्हणालो होतो, “मी रुग्ण नाही. ज्या दिवशी या वस्तूसाठी घरात वेगळी व्यवस्था करावी लागेल, त्या दिवशी ती परत करीन.” माझ्या बोलण्यात निश्चय होता आणि मला त्याचे समाधान वाटले होते. ही “बरं” म्हणाली. मी वाद जिंकलो आहे अशी माझी समजूत झाली.

दुपारी मुलीला मी स्वतः फोन केला. आज सोमवार असल्याने ती घाबरली.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही. तुझ्या आईच्या संगणकाचा पासवर्ड तुला ठाऊक आहे का?”

“हो. तुम्हाला नाही?”

“नाही.”

“दीड महिना नाही? मग विचारलं का नाहीत?”

मी पेन्सिल घेऊन कागद पुढे ओढला.

“बाबा, तुम्ही ना,” ती म्हणाली आणि पुढे बोलली नाही. तिच्या आईचीही हीच सवय होती.

तिने पासवर्ड सांगितला. मी तो येथे लिहीत नाही. त्यात माझे नाव नाही, मुलीचेही नाही, कुठलीही तारीख नाही. त्या शब्दाची हिला आवड होती, हे मला आज कळले.

“झोपताना मी एक उपकरण वापरतो,” मी म्हणालो. “झोपेत माझा श्वास थांबतो. तुला सांगायचे राहिले.”

“माहितीये मला.”

“केव्हापासून?”

“पहिल्यापासून. आईनं सांगितलं होतं. आणि बाबांना कळू देऊ नकोस म्हणाली, नाहीतर ते मशीन उचलून परत देतील म्हणाली.” मग तिने विचारले, “काल लावलं होतंत का?”

“नाही.”

“आज लावा. फोन करेन मी झोपायच्या आधी. उचला.”

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नऊ वाजता पासवर्ड घातला. पडदा उजळला. मी खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायला हवी होती, असे काहीसे वाटले.

मला वाटले होते की ते माझ्यासाठी लिहिलेले पत्र असेल. हे लिहून टाकलेले बरे. इतके दिवस ज्याला मी ‘तिचे काम’ म्हणत होतो, ते माझ्यासाठी पत्र असेल अशी माझी अपेक्षा होती.

तो वीज कार्यालयाला लिहिलेला अर्ज आहे.

“विषय : घरात रात्री श्वसनयंत्रावर असलेला रुग्ण असल्याने वीज बंद करण्यापूर्वी कळविण्याच्या यादीत नाव घालण्याबाबत. (अर्ज सातवा.)

माझे पती सहा वर्षांपासून झोपेत श्वास थांबण्याच्या विकारासाठी यंत्र वापरतात. रात्री वीज गेल्यास मी बसविलेली व्यवस्था चाळीस मिनिटे पुरते. त्यापुढे मी त्यांना कुशीवर वळवून वीज येईपर्यंत शेजारी जागी बसते. गेल्या वर्षात अशा तेवीस रात्री झाल्या. आता मला काही दिवस रुग्णालयात राहावे लागणार असून त्या काळात घरात जागे राहणारे कुणी नाही. अर्जावर रुग्णाची सही पाहिजे असे आपण सहा वेळा कळविले आहे. सही न मिळण्याचे कारण असे की माझ्या पतींना याची कल्पना नाही व ती देणे”

येथे थांबली आहे. पुढे कर्सर लुकलुकतो आहे. छप्पन्न दिवस लुकलुकतो आहे.

तेवीस रात्री. मी त्यांतली एकही जागून पाहिलेली नाही. सकाळी उठल्यावर ‘झोप छान झाली’ असे मी हिला सांगत असे. ते सांगताना माझा सूर हिलाही झोप छान झाली असणार असाच असे.

ती देणे काय? ती देणे शक्य नाही, की ती देणे आता भाग आहे? मी खालपर्यंत सरकवून पाहिले. रिकामे पान आहे.

अकरा वाजता मुलीने फोनवरून सांगितले तसे दोन कळा दाबून मजकूर साठविला. संगणकाने नाव विचारले. मी ‘अर्ज सातवा’ असे टंकले. त्याच कप्प्यात पहिला ते सहावा आधीपासून होते. म्हणजे ही साठवीत असे. हा एकच राहिला होता.

मग मी संगणक बंद केला. पंख्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. संपला तेव्हा तो आठ आठवडे घरात होता हे कळले.

दुपारी मामा आले. निर्णय मी सांगितला तो असा : मोठा इन्व्हर्टर बॅटरीसह पलंगाशेजारी, उघड्यावर, दिसेल असा. संगणकाला साधा लहान यूपीएस, दहा-पंधरा मिनिटांचा. त्याला तेवढे पुरे.

“हे काल-परवाच्या तक्त्याच्या बरोब्बर उलटं झालं,” मामा म्हणाले.

“तक्ता चुकीचा होता.”

“आकडे तर बरोबर होते.”

“आकडे बरोबर होते, मामा.”

ते तारा गुंडाळता गुंडाळता थांबले. चहा घेऊन गेले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मामांनी अर्ज पेनड्राइव्हवर उतरवून दुकानातल्या प्रिंटरवर छापून दिला. खाली ‘रुग्ण’ असे लिहून मी सही केली आणि वीज कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी पहिली ओळ वाचली व मान वर केली.

“हा सातवा. ताई कुठायत? त्याच येतात दरवेळी.”

“त्या गेल्या. ऑगस्टमध्ये.”

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

“मी दरवेळी म्हणायचे त्यांना,” त्या म्हणाल्या, “ताई, एक सही तर हवी, एवढं काय अवघड आहे? तुम्हीच करून टाका म्हटलं, कोण बघतंय. तर म्हणायच्या, खोटी सही त्यांना चालायची नाही. आणि आजारी म्हटलेलंही चालत नाही. माणूस चांगला आहे हो, म्हणायच्या, फक्त त्याला सांगता येत नाही काही.”

माझ्या मागे रांग होती. मी बाजूला झालो नाही.

“आपण कोण त्यांचे?” बाईंनी विचारले.

“पती.”

“म्हणजे तुम्हीच,” त्या म्हणाल्या आणि ओशाळल्या. मग कामाच्या आवाजात बोलू लागल्या. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. “हा अर्ज आता घेता येणार नाही, साहेब. अर्जदार हयात लागतो. शिवाय शेवटचं वाक्य अर्धं आहे. तुमच्या नावानं नवा करून आणा. मजकूर हाच ठेवा, चांगला लिहिलाय. फक्त ‘माझे पती’ असेल तिथे ‘मी’ करा, म्हणजे झालं.”

“रुग्ण कोण, असे विचारतील का?”

“विचारतील ना. काय सांगाल?”

“मी,” मी म्हणालो.

आवाज बारीक निघाला असावा. बाईंनी पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

साडेनऊला संगणक चालू केला. हिचा अर्ज तसाच ठेवून त्याची प्रत काढली आणि ती उघडली. एकेका ठिकाणी ‘माझे पती’ पुसून ‘मी’ लिहू लागलो. मला टंकलेखन दोन बोटांनी येते.

‘मी सहा वर्षांपासून झोपेत श्वास थांबण्याच्या विकारासाठी यंत्र वापरतो.’ हे वाक्य पूर्ण व्हायला सात मिनिटे लागली.

‘मी बसविलेली व्यवस्था’ येथे अडलो. ती मी बसविलेली नाही. ‘माझ्या पत्नीने बसविलेली व्यवस्था चाळीस मिनिटे पुरत असे’ असे केले. ‘त्यापुढे ती मला कुशीवर वळवून वीज येईपर्यंत शेजारी जागी बसत असे. गेल्या वर्षात अशा तेवीस रात्री झाल्या.’ ही ओळ हिच्या शब्दांतच राहू दिली. आकडा तपासण्याचे साधन माझ्याकडे नाही आणि तो तपासावा असे मला वाटत नाही. रुग्णालयाचे वाक्य काढून त्याजागी ‘आता घरात जागे राहणारे कुणी नाही’ एवढे लिहिले.

दहा वाजून तीन मिनिटांनी वीज गेली. फ्रिज थांबला, गल्लीतला कुणाचा तरी रेडिओ शब्दाच्या मध्येच तुटला. टेबलाखाली नवी पेटी ओरडू लागली; तिचा आवाज मी बंद करू दिला नव्हता. या वेळी मी दचकलो नाही. मामांनी बारा मिनिटे सांगितली होती.

शेवटचे वाक्य राहिले होते. सही न मिळण्याचे कारण असे की माझ्या पतींना याची कल्पना नाही व ती देणे.

‘न मिळण्याचे’ पुसून ‘इतके दिवस न दिल्याचे’ केले. मग ‘माझ्या पतींना’ पुसले, ‘मला’ लिहिले. ‘नाही’ पुसले, ‘नव्हती’ लिहिले. उरले ‘व ती देणे’. ती कल्पना देणे हे हिचे काम होते. माझ्या अर्जात त्याला जागा नव्हती. एकेक अक्षर मागे येत पुसले आणि पूर्णविराम दिला.

सही इतके दिवस न दिल्याचे कारण असे की मला याची कल्पना नव्हती.

वाचून पाहिले. अर्जाच्या भाषेत बसते. त्याखाली ‘रुग्ण व अर्जदार’ असे लिहून माझे पूर्ण नाव घातले, साठविले आणि संगणक शिस्तीत बंद केला. पेटीत अजून पाच मिनिटे होती. मी तिला तसेच ओरडू दिले.